नकाशावरची होडी आणि हातातली फळी

कोरोनाची टाळेबंदी आणि त्यावर महापूर, या दोन्हींतून सावरून आमची उर्दू शाळा पुन्हा भरू लागली त्या दिवसांतली ही गोष्ट. सातवीच्या वर्गात मी महाड तालुक्याचा भूगोल शिकवीत होतो. सावित्री, गांधारी आणि काळ या नद्या, पुढे बाणकोटची खाडी, खाडीतून मुंबईकडे जाणारी गलबते आणि एकेकाळचे गजबजलेले महाड बंदर, असे सारे सांगून झाले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, महाड बंदर होतं, आपले लोक दर्यावर्दी होते, तर मग त्या रात्री आमच्या मोहल्ल्यात एकसुद्धा होडी का नव्हती?"

'त्या रात्री' म्हणजे कोणत्या, हे महाड-पोलादपुरात कोणाला विचारावे लागत नाही. २२ जुलै २०२१. महाड शहर पाण्याखाली होते. लोक माळ्यावर, गच्चीवर बसून उजाडण्याची वाट पाहत होते. त्याच संध्याकाळी तळीये गावची कोंढाळकरवाडी दरडीखाली गेली आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. रस्ते बंद आणि वाटेवर पुराचे पाणी, त्यामुळे तळीयेला मदतपथके दुसऱ्या दिवशी पोहोचली. होडी असती तर डोंगर थांबला असता असे नाही. पण शहरातल्या गल्लीबोळांत अडकलेल्या म्हाताऱ्यांना आणि लेकरांना बाहेर काढायला ज्या होड्या आल्या, त्या बाहेरून आल्या. मुलाचा प्रश्न त्यावर होता आणि तो रास्त होता. मी त्याला त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही.

माझे नाना सावित्रीच्या खाडीवर मचव्यावर काम करीत. त्यांच्या गोष्टींत वारा असे, भरती-ओहोटी असे, वाळूच्या दांड्यावर रुतलेले गलबत असे. पण मचवा बांधतात कसा, हे त्यांनी कधी सांगितले नाही आणि मीही कधी विचारले नाही. कोकणी मुसलमानांची आडनावे पाहावीत. नाखवा, सारंग, तांडेल. जहाज चालवणाऱ्यांची सारी उतरंड आपण आडनावांत जपून ठेवली आहे. मात्र फळीला फळी भिडवून जहाज उभे करणाऱ्याची आठवण आपल्या घरांत क्वचितच निघते. तो सुतार बहुधा शेजारच्या आळीतला असे. त्याचे नाव त्याच्याबरोबर गेले.

२०२२ च्या उन्हाळी सुटीत मी आणि शाळेतली काही मुले यांनी एक होडी बांधायची ठरवली. नऊ फूट लांब, चार फूट रुंद. एका मित्राने तिचे छापील नकाशे मिळवून दिले होते. सुतार मिळाला तो तळीयेच्या पंचक्रोशीतला. मदतीचे साहित्य घेऊन आम्ही तिकडे जात असू तेव्हा त्या वृद्ध गृहस्थांची ओळख झाली होती. दरडीत त्यांचे जवळचे नातलग गेले होते. दारे, खिडक्या, नांगर, बैलगाडीची चाके त्यांनी आयुष्यभर केली होती. होडी मात्र कधीच नाही. मी म्हणालो, "बाबा, नकाशा आहे. त्याप्रमाणे करायचं." त्यांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "मास्तर, यात सांगाडा दिसतोय. फळी कुठाय?"

त्यांचे म्हणणे किती अचूक होते हे पुढच्या महिन्याभरात कळले. होडीच्या नकाशात तिचे आडवे छेद दाखवलेले असतात. दर दीड-दोन फुटांवर होडीची रुंदी किती आणि खोली किती, हे आकडे असतात. त्यावरून साचे कापायचे आणि कण्यावर ओळीने उभे करायचे. या कण्याला दर्यावर्दी लोक पठाण म्हणतात, हे ऐकून आमची मुले फार हसली होती. साचे उभे राहिले की होडी झालीच असे वाटते. खरे काम तिथून सुरू होते. दोन साच्यांच्या मध्ये जी मोकळी जागा असते तिच्याबद्दल नकाशा फारसे काही बोलत नाही.

होडीचे अंग एकाच वेळी दोन दिशांनी वाकलेले असते, कण्यापासून काठाकडे आणि पुढून मागे. अशा अंगावर सरळ कापलेली फळी बसत नाही. पृथ्वीचा गोल सपाट कागदावर जसाच्या तसा उतरत नाही, हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. पण तोच नियम लाकडालाही लागू आहे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. सपाट फळीतून अशी एक वाकडी पट्टी कापावी लागते की ती साच्यांवर वळवली म्हणजे तिची कड शेजारच्या फळीच्या कडेला सरळ येऊन भिडेल. त्यासाठी आधी पातळ पट्टी साच्यांवर टेकवायची, बसलेल्या फळीच्या कडेपासूनचे अंतर कंपासाने ठिकठिकाणी त्या पट्टीवर घ्यायचे आणि मग त्या खुणा खऱ्या फळीवर उतरवायच्या. जमिनीवर ठेवली तर ती फळी केळ्यासारखी बाकदार दिसते. होडीवर चढली की सरळ दिसते. घाईने सरळ फळीच कडेच्या अंगाने दाबून वळवली तर ती त्या दिवशी बसते, पण तिच्यात ताण राहतो. पुढे कधीतरी खिळा उपसून ती आपल्या मूळच्या जागी जाऊ पाहते आणि फट पडते.

सर्वांत अवघड ती पहिली फळी, कण्याला लागून बसणारी. मध्यभागी ती जवळजवळ आडवी असते आणि पुढे नाळेपाशी जाईपर्यंत उभी होते. म्हणजे एका अखंड लाकडाला पीळ द्यायचा. पावसात उन्मळून पडलेल्या एका आंब्याच्या फळ्या आम्ही आणल्या होत्या. पहिली फळी तडकली. दुसरीही तडकली. तिसरीवर सुतारबाबांनी फडकी गुंडाळली, उकळते पाणी ओतत राहिले आणि थोडी थोडी करून तासाभरात ती वळवली.

दुसऱ्या ओळीची फळी बसवताना त्यांनी मला पुढे अनेक दिवस पुरेल असे काही दाखवले. बसलेल्या फळीच्या कडेला त्यांनी गेरू चोळला. नवी फळी तिच्यावर दाबली, उचलली आणि तिची कड आम्हाला दाखवली. जिथे लाल डाग उमटले होते तिथे लाकूड उंच होते. तेवढेच रंध्याने काढले. पुन्हा दाबली, पुन्हा उचलली. असे सात-आठ वेळा. शेवटी डाग तुटक न राहता सबंध कडेवर एकसारखा लाल रंग उमटला तेव्हा ते म्हणाले, "आता बसली." हे कुठे शिकलात असे विचारले तर म्हणाले, "दाराच्या फळ्या जोडताना बाप असंच करायचा."

त्यानंतर काही महिन्यांनी जुन्या प्रवासवर्णनांविषयी वाचताना मी एका जागी थांबलो. स्टाव्होरिनस नावाचा एक डच दर्यावर्दी १७७५ च्या सुमारास सुरतेत होता. तिथली जहाजे कशी बांधतात हे त्याने बारकाईने पाहून लिहून ठेवले. युरोपात फळ्यांच्या सपाट कडा एकमेकींना टेकवून मधली फट बुजवीत. सुरतेचे कारागीर मात्र कडांना खाचा पाडून एक फळी दुसरीत बसवीत. ती नेमकी बसावी म्हणून बसलेल्या फळीच्या कडेला शेंदूर फासत, नवी फळी दाबत, उमटलेला उंचवटा काढून टाकत आणि फळी तंतोतंत बसेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करीत. मग दोन्ही कडांना एक चिकट लेप लावून, वर कापसाचा पातळ थर देऊन फळ्या खुंट्यांनी अशा आवळत की सांधा डोळ्याला दिसू नये. सुरतेचा शेंदूर आणि तळीयेचा गेरू! मधे जवळजवळ अडीच शतके. आमच्या सुतारबाबांनी सुरत पाहिलेली नाही आणि स्टाव्होरिनसचे नावही ऐकलेले नाही. बापाच्या हातून लेकाच्या हातात, दारांच्या आणि पेट्यांच्या फळ्यांतून ही युक्ती टिकून राहिली होती.

या ज्ञानाचा माग घ्यायचा तर बरेच मागे जावे लागते. आपल्या वाचकांना नूह अलैहिस्सलामांची किश्ती सांगायला नको. सूरह हूदमध्ये ती अल्लाहच्या देखरेखीखाली आणि वह्यीनुसार बांधण्याचा हुकूम आहे. म्हणजे आराखडा वरून आला, पण फळ्या माणसाच्या हातांनीच बसवायच्या होत्या. सूरह कमरमध्ये तर किश्ती हा शब्दही नाही. 'अल्वाह' आणि 'दुसुर' असलेली, एवढ्याच खुणेने ती ओळखवली आहे. अल्वाह म्हणजे फळ्या. दुसुरचा अर्थ काही मुफस्सिरांनी खिळे असा केला, तर काहींनी काथ्याच्या दोऱ्या असा. हा मतभेद निव्वळ शब्दांचा नाही. अरबी समुद्रावर फळ्या जोडण्याच्या दोन रीती होत्या, त्या दोन्ही त्यात दिसतात.

काथ्याने फळ्या शिवण्याची रीत आपल्या किनाऱ्याची. बाराव्या शतकात इब्न जुबैरने तांबड्या समुद्रावरच्या ऐजाब बंदरात अशी जहाजे पाहिली. त्यांचे लाकूड हिंदुस्थान आणि यमनहून येई, शिवण नारळाच्या काथ्याची असे आणि वरून माशाचे तेल चोळत. चौदाव्या शतकात इब्न बतूताने या शिवणीचे कारणही नोंदवले. खिळ्यांनी जोडलेले जहाज खडकावर आपटले की फुटते. दोरीने शिवलेल्या जहाजाला लवचिकपणा असतो, ते धक्का सोसते. कोकणचा खडकाळ किनारा ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

पुढे पोर्तुगीज आले आणि खिळ्यांची रीत बळावली. १६५९ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीकडे जहाजबांधणी सुरू केली तेव्हा रुय लैतांव व्हियेगस आणि त्याचा मुलगा फेर्नांव हे पोर्तुगीज कारागीर कामावर होते. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांचा निरोप येताच ते काम टाकून गुपचूप निघून गेले. त्यांच्यावाचून आरमार अडले नाही, ते वाढतच गेले. वीस वर्षांनी, १६७९ मध्ये, खांदेरीच्या पाण्यात इंग्रजांशी झुंजलेल्या त्या आरमारात दौलतखान होता. त्याचे नाव इतिहासाने ठेवले आणि आपण ते अभिमानाने सांगतो. ज्या सुतारांनी परक्या कारागिरांच्या मागे राहून ती जहाजे पुरी केली, त्यांची नावे आपल्याला सांगता येत नाहीत.

त्या लाकडाबद्दल मात्र एक विलक्षण दस्तऐवज आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे आणावे याचे नियम आहेत. आंबा आणि फणस ही झाडे आरमाराच्या उपयोगाची, पण त्यांना हात लावू देऊ नये. कारण ती वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत, रयतेने लेकरासारखी वाढवलेली असतात. फारच जीर्ण झाड असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे. बळजोरी सर्वथा करू नये. रायगड किल्ला आमच्या महाड तालुक्यातच आहे. पडलेल्या आंब्याच्या फळ्या आणताना सुतारबाबांनीही आधी झाडाच्या मालकाला विचारले आणि पैसे दिले. त्यांनी आज्ञापत्र वाचलेले नाही.

मुंबईत १७३६ मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया आले आणि सुरतेची ती फळी बसवण्याची रीत त्यांच्या घराण्याबरोबर मुंबईच्या गोदीत रुजली. या गोदीची एक हकीकत नकाशा आणि हात यांच्या नात्यावर फार प्रकाश टाकते. ब्रिटिश आरमाराने १८१२ मध्ये 'त्रिंकोमाली' या युद्धनौकेची मागणी मुंबईला नोंदवली. तिचे नकाशे 'जावा' या जहाजावरून निघाले. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा'चा पराभव केला आणि नकाशे तिच्याबरोबर गेले. नवे नकाशे येईपर्यंत काम खोळंबले. १८१६ मध्ये कणा टाकला, आणि जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारच्या सागवानाची ती नौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. म्हणजे कामाला लागल्यावर दीड वर्षात. आज ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे. दोनशे वर्षांहून अधिक काळ तिने तग धरला आहे. नकाशा हरवला तर दुसरा काढता आला. फळी बसवणारे हात हरवले असते तर?

ते हातही हळूहळू गेलेच. वाडिया घराण्यातील जहांगीर नवरोजी आणि हिरजीभॉय मेरवानजी हे दोघे तरुण १८३८ मध्ये नौकाबांधणीचे शास्त्र शिकण्यासाठी विलायतेला गेले. तिथला अनुभव त्यांनी १८४१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. पण तोवर वाफ आणि लोखंड यांचे युग उगवले होते. लोखंडी पत्रा नकाशाप्रमाणे कापता येतो. त्याला गेरू लावावा लागत नाही.

आमच्या खाडीतही हेच झाले, फक्त जरा उशिरा. आगबोटी दासगावपर्यंत येत. २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि शेकडो प्रतिनिधी मुंबईहून 'पद्मावती' बोटीने दासगावलाच उतरले आणि तिथून पायी महाडला गेले. त्या परिषदेच्या मंडपासाठी कोणी जागा देईना, तेव्हा महाडच्या फत्तेखानांनी आपली जागा दिली, हे आपल्या वाचकांना माहीत आहेच. त्या वेळी महाडला येण्याची वाट पाण्यातून होती. नंतर खाडी गाळाने भरत गेली, मुंबई-गोवा महामार्ग झाला, ट्रक आले. आमचे लोक आखातात गेले. मचवे किनाऱ्यावर चढवले गेले ते पुन्हा उतरले नाहीत. फळ्या उचकटून कोणी गोठ्याला लावल्या, कोणी चुलीत घातल्या. मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. पाणी गेले म्हणून होडी गेली, असे आपण मानले. पाणी मात्र २००५ मध्ये आले आणि २०२१ मध्येही आले.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग अधिक बोचरा आहे. अरबीत 'लौह' म्हणजे फळी आणि लौह म्हणजे लिहिण्याची पाटीही. नूह अलैहिस्सलामांच्या किश्तीला आणि मूसा अलैहिस्सलामांना मिळालेल्या पाट्यांना कुरआनात एकच शब्द आहे, अल्वाह. उर्दूत तख्ता म्हणजे फळी, आणि मुले पूर्वी जिच्यावर अक्षर गिरवीत ती तख्ती. मराठीतही फळी आणि फळा. तिन्ही भाषांनी ज्या दोन गोष्टी जवळ ठेवल्या त्या आपण वेगळ्या केल्या. फळ्यापुढे बसला तो शिकलेला आणि फळी तासली तो अडाणी, असे ठरवून टाकले. मी स्वतः बी.एड. आहे. अध्यापनाच्या पद्धतींवर मी पाने भरून लिहिली आहेत. पण मनगटातले ज्ञान दुसऱ्याच्या मनगटात कसे उतरवावे, हे मला तळीयेच्या सुतारबाबांकडून पहिल्यांदा कळले. ते फार बोलत नसत. मुलाच्या हातावर हात ठेवून रंधा फिरवीत आणि मग आपला हात काढून घेत.

याचा अर्थ नकाशा निरुपयोगी असा नव्हे. शेजारच्या गोव्यात दोन्ही गोष्टी एकत्र आल्याचे उदाहरण आहे. रत्नाकर दांडेकर यांनी डच आराखड्यावरून 'म्हादेई' ही शिडाची नौका बांधली. ती २००९ मध्ये नौदलाला मिळाली आणि तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. त्याच दांडेकरांच्या गोव्यातील कारखान्यात पुढे 'कौंडिण्य' हे शिवलेले जहाज तयार झाले आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात दाखल झाले. त्याचा मूळ आराखडा म्हणजे अजिंठ्याच्या लेण्यातले एक चित्र, पाचव्या शतकातले. चित्रावरून आकार ठरवला आधुनिक अभियंत्यांनी. फळ्या काथ्याने शिवल्या त्या बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या केरळी कारागिरांनी. इब्न बतूताने पाहिलेली शिवण पुन्हा समुद्रावर गेली, कारण ती जाणणारे थोडे हात शिल्लक होते.

आमची होडी जूनच्या पहिल्या आठवड्यात खाडीत उतरली. फटींत कापूस ठोकला होता, राळ आणि तेल भरले होते. तरीही तासाभरात घोटाभर पाणी आत आले. मुलांचे चेहरे उतरले. मलाही वाटले की महिनाभराची मेहनत वाया गेली. सुतारबाबा काठावर बसून होते. म्हणाले, "काढू नका. लाकूड तहानलेलं आहे, पिऊ दे त्याला." होडी दोरीने बांधून तशीच पाण्यात ठेवली. दोन दिवसांत फळ्या फुगल्या आणि एकमेकींना घट्ट भिडल्या. तिसऱ्या दिवशी पाणी उपसून टाकले, ते पुन्हा आले नाही. कडा जर गेरू लावून नीट जुळवल्या नसत्या तर फुगूनही त्या भिडल्या नसत्या.

ती होडी आता आमच्या गावात एका ओटीवर उलटी ठेवलेली असते आणि पावसाळ्यापूर्वी खाली उतरते. तिच्याने महापूर अडणार नाही. चार माणसे ती नेऊ शकते. ज्या मुलाने प्रश्न विचारला होता त्याने तिची उजवीकडची शेवटची फळी स्वतः कापून बसवली आहे आणि ती गळत नाही.

वाचकहो, आपल्या घरात, मोहल्ल्यात, शेजारच्या आळीत ज्यांनी मचवा बांधताना पाहिला असेल अशी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. आमच्या शाळेत मुलांनी एक वही केली आहे. तिच्यात पठाण, नाळ, सुकाणू, डोलकाठी, परबाण असे शब्द त्यांनी वडीलधाऱ्यांना विचारून लिहिले आहेत आणि प्रत्येक शब्दापुढे तो कोणी सांगितला त्याचे नाव आहे. पहिल्या पानावर सुतारबाबांचे नाव आहे. अशी वही आपल्याही गावात कोणी सुरू करील का?